शेवटची रांग सोडा, ताई

ठाण्याच्या एक वाचक लिहितात: "वय ५८, नुकतीच निवृत्त झाले. आम्हा दोघांनाही सिनेमाची आवड. महिन्यातून दोन तरी सिनेमे थिएटरात बघायचेच, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पण गेले तीन सिनेमे धड बघता आले नाहीत. एकदा पुढच्या रांगेतला मुलगा अडीच तास मोबाईल चाळत होता. एकदा मागून खुर्चीला सतत लाथा बसत होत्या. तिसऱ्या वेळी शेजारच्या घोळक्याची बडबड असह्य झाली, तेव्हा मिस्टरांनी ‘गप्पा मारायच्यात तर घरी जा’ असं सुनावलं. शब्दाने शब्द वाढला आणि मध्यंतरात प्रकरण हमरीतुमरीवर आलं. आम्ही काही स्वस्तातलं तिकीट काढत नाही. रविवारी संध्याकाळी निवांत जातो, शेवटच्या रांगेतले रिक्लायनर घेतो. पूर्वी लोक शांतपणे सिनेमा बघायचे. आता माणसं इतकी बेशिस्त का झाली? मुलगी म्हणते, मोठा टीव्ही घ्या आणि थिएटरचा नाद सोडा. सोडावा का?"

ताई, नमस्कार.

नाद सोडू नका. रविवारची संध्याकाळ आणि शेवटची रांग मात्र सोडा. तीनपैकी दोन प्रसंगांचं मूळ त्यातच आहे, असं माझं मत आहे.

आधी ‘पूर्वी लोक शांतपणे बघायचे’ याबद्दल. जरा आठवून बघा. नायकाच्या एन्ट्रीला शिट्ट्या, गाण्यावर उधळलेली चिल्लर, ‘आता हा मरणार बघ’ असं अख्ख्या बाल्कनीला ऐकू जाईल असं सांगणारा कोणीतरी, आणि पायाखाली शेंगांची टरफलं. संगीत नाटकांचे प्रेक्षक तर वन्समोअर घेऊन घेऊन प्रयोग पहाटेपर्यंत लांबवायचे. आपला प्रेक्षक गप्प बसणारा कधीच नव्हता. तरी तेव्हा त्रास कमी वाटायचा, कारण तो दंगा पडद्याकडे तोंड करून चाललेला असे. मोबाईल चाळणारा मुलगा मात्र तिथे बसून तिथे नसतो, आणि ते जास्त खुपतं.

दुसरं कारण साधं, बांधकामाचं आहे. जुन्या थिएटरात पंख्यांची घरघर असायची, तिच्यात शेजारची कुजबुज बुडून जायची. आताच्या मल्टिप्लेक्समध्ये भिंतींना आवाज शोषणारं अस्तर, खाली गालिचा, एसी जवळजवळ मुका. शिवाय डिजिटल ध्वनिमुद्रणात हळू प्रसंग खरोखरच फार हळू असतो. त्यामुळे चार खुर्च्या पलीकडे वेफर्सची पुडी फाटली तरी कानाशी फाटल्यासारखी वाटते. माणसं तेवढीच आवाज करतात. हॉल तो लपवत नाही, इतकंच.

आता रविवार संध्याकाळ. तुमच्या मते तो निवांत वेळ आहे, कारण तुम्ही निवांत असता. पण त्या वेळी मॉलमध्ये आलेल्या बऱ्याच जणांसाठी सिनेमा हा दिवसातला एक टप्पा असतो: आधी खरेदी, मग सिनेमा, मग जेवण. कोणता सिनेमा बघायचा हे कधीकधी तिकीट काढताना ठरतं. अशा माणसाला चाळिसाव्या मिनिटाला कंटाळा आला की हात खिशात जातो. त्याला सुधारण्याचा मार्ग माझ्याकडे नाही. पण तो ज्या खेळाला येत नाही, तो खेळ निवडता येतो. तिकिटाबरोबर आपण गर्दीही विकत घेतो, तेव्हा ती बघून घ्यावी.

नवे सिनेमे शुक्रवारी लागतात. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र ही सगळ्यात गजबजलेली वेळ. सोमवार ते गुरुवार सकाळचा किंवा दुपारी बाराच्या आतला खेळ सगळ्यात शांत, आणि बहुतेक ठिकाणी तिकीटही कमी. यात दोन खाचखळगे आहेत. काही मल्टिप्लेक्स मंगळवारी सवलतीचं तिकीट देतात, त्यामुळे मंगळवार पूर्वीसारखा रिकामा राहिलेला नाही. आणि मोठा हिंदी सिनेमा दुसऱ्या आठवड्यात बघणं शहाणपणाचं असलं, तरी मराठी सिनेमाला ते लागू नाही. पहिल्या चार दिवसांत गर्दी झाली नाही, तर दुसऱ्या शुक्रवारी त्याच्या वाट्याला दिवसात एखादाच खेळ उरतो, तोही भलत्या वेळी, नाहीतर तो उतरतोच. पुढच्या आठवड्याचे खेळ साधारण बुधवार-गुरुवारी ठरतात. म्हणून मराठी सिनेमा पहिल्याच आठवड्यात, सोमवार किंवा बुधवारी सकाळी गाठा. निवृत्त झालात, ही चैन आता तुम्हाला परवडते. नोकरी करणाऱ्या वाचकांसाठी त्याच्या खालोखाल रविवारी सकाळचा नऊ-साडेनऊचा खेळ: गर्दी असली तरी ती सिनेमासाठी उठून आलेली असते.

आता जागेकडे येते. इथे थोडी थांबणार आहे, कारण बहुतेकांचा पैसा इथेच वाया जातो.

शेवटची रांग उत्तम, हा समज जुन्या बाल्कनीच्या तिकिटापासून चालत आला आहे. मल्टिप्लेक्समध्ये रांगा पायऱ्यांसारख्या चढत जातात, त्यामुळे शेवटच्या रांगेतून सगळा हॉल नजरेखाली येतो. दोनशे खुर्च्यांमध्ये दहा जणांनी मोबाईल काढले, तर ते दहाही उजेड तुम्हाला दिसतात, आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्या माणसाला त्यातला एखादाच. लाथा आणि कुजबुज यांचं उलट आहे: त्या मागून येतात, म्हणून शेवटच्या रांगेत त्यांचा त्रास नाही. म्हणजे मागे जावं तसा उजेडाचा त्रास वाढतो आणि पुढे यावं तसा लाथांचा संभव. तुम्हाला दोन वेगवेगळ्या सिनेमांना हे दोन्ही भोगायला लागले, त्यावरून एकदा जागा बदलली असावी असं दिसतं.

दोन्हीतून सुटका देणारी एक रांग बऱ्याच मोठ्या हॉलमध्ये असते. मधोमध आडवी चालायची वाट असते ना, तिच्या लगेच पुढची रांग. मागे खुर्च्याच नाहीत, त्यामुळे लाथ मारायला कोणी नाही, आणि अर्धा हॉल मागे असल्यामुळे निम्मे मोबाईल दिसत नाहीत. आरक्षणाच्या नकाशावर ही वाट मोकळ्या पट्ट्यासारखी दिसते. त्याआधी पडदा नकाशाच्या वर आहे की खाली, ते नीट बघा. कुठे ए रांग पडद्याजवळ असते, कुठे सगळ्यात मागे, आणि या गफलतीत माणसं थेट पडद्याच्या पायथ्याशी जाऊन बसतात. वाटेच्या लगेच मागची रांग मात्र मोहात पडून घेऊ नका. पाय पसरायला जागा मिळते, पण उशिरा येणारे आणि खाण्याचे ट्रे नेणारे सगळे तुमच्या डोळ्यांसमोरून जातात.

छोट्या हॉलमध्ये, म्हणजे ऐंशी-शंभर खुर्च्यांच्या, अशी वाट नसते. तिथे तिकीट उशिरा काढणं हाच उपाय. सकाळच्या खेळाला जागा मिळतेच, तेव्हा खेळाआधी वीस-तीस मिनिटं नकाशा उघडा. सलग सहा-आठ खुर्च्या गेलेल्या दिसल्या की तो घोळका समजा आणि त्याच्या पुढच्या दोन रांगा टाळा. ज्या दोन खुर्च्यांच्या मागच्या दोन्ही रिकाम्या आहेत, त्या घ्या. दोघांसाठी कडेच्या वाटेला लागून असलेली जोडी बरी: एका बाजूला शेजारी नाही, उठून माणूस बोलवायला जायचं तर कुणाचे गुडघे ओलांडायला नकोत. मध्यंतरात तुमच्यावरून चार जण जातील, तेवढं चालवून घ्यायचं.

आणि फार पुढे तर नाही ना, हे कसं कळणार? हात सरळ लांब करा आणि पडद्याची रुंदी वितीने मोजा. दीड ते दोन विती भरला तर जागा चांगली. जेमतेम एक वीत भरला तर सिनेमा दुरून बघताय. अडीच-तीन विती झाला तर मान दुखणार. हा खेळ जाहिराती चालू असताना करावा, नाहीतर लोकांना तुम्ही पडद्याला नमस्कार करताय असं वाटेल.

रिक्लायनरबद्दल एक बारकावा, खास पन्नाशीपुढच्यांसाठी. तुमचा चष्मा लांबचं-जवळचं एकत्र असा असेल, तर खुर्ची पूर्ण मागे टाकल्यावर डोकं मागे कलतं आणि पडदा काचेच्या खालच्या, वाचायच्या भागातून दिसतो. मग चित्र धूसर दिसतं आणि दोष प्रोजेक्टरला दिला जातो. पाय वर घ्या, पाठ फार मागे टाकू नका. शिवाय रिक्लायनरच्या रांगांना जागेवर खाणं आणून देण्याची सोय असते. पहिली वीस मिनिटं आणि मध्यंतरानंतरची दहा मिनिटं टॉर्च घेतलेली मुलं तिथेच फिरतात. जास्त पैशांत आराम मिळतो, शांतता मिळेलच असं नाही.

इतकं करूनही शेजारी त्रासदायक निघाला तर काय?

मिस्टरांचा राग खरा आहे, पण त्यांच्या वाक्यात दोन कामं एकत्र झाली. एक, आवाज बंद करणं. दुसरं, त्या मुलांना त्यांची जागा दाखवणं. पहिलं काम अनोळखी माणूस बहुतेक वेळा ऐकतो. दुसरं कोणीच ऐकत नाही, मित्रांसमोर तर नाहीच. घोळक्यात एकाला कमीपणा आला की बाकीचे त्याच्या बाजूने उभे राहतात, मग चूक कुणाची हा प्रश्नच उरत नाही. नाटकात नट प्रयोग थांबवून प्रेक्षकाला सुनावू शकतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. पडद्यावरचा नट ते करू शकत नाही, आणि त्याच्या वतीने ते काम आपण अंगावर घेतलं तर टाळ्या मिळत नाहीत.

तेव्हा वाक्य असं हवं की त्यात समोरच्याचा स्वभाव यायला नको, फक्त तुमची अडचण यावी. "दादा, उजेड डोळ्यांवर येतोय, जरा मोबाईल ठेवाल का?" किंवा "बेटा, पाय लागतोय खुर्चीला." एवढंच. ‘शूऽऽ’ करू नका, ते मास्तरी वाटतं. खांद्याला हात लावू नका. पुढच्या माणसाच्या कानाच्या रेषेत थोडं वाकून, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं बोला. घोळका असेल तर सगळ्यांना उद्देशून नको, तुमच्या सगळ्यात जवळच्या एकाशीच बोला. आणि वेळ: पहिल्यांदा सोडून द्या, कुणाचा घरून फोन आला असेल. दुसऱ्यांदा बोला. पाचव्या वेळेपर्यंत दात-ओठ खात थांबलात तर तेच शब्द तोंडातून भांडण होऊन बाहेर पडतात.

लाथांबाबत आधी मागे वळून एकदा बघा. बऱ्याच हॉलमध्ये एका रांगेतल्या खुर्च्या एकाच लोखंडी पट्टीवर बसवलेल्या असतात, त्यामुळे तीन खुर्च्या पलीकडे कुणी पाय हलवला तरी धक्का तुमच्या पाठीला येतो. मागे उंच माणूस असला तर त्याचे गुडघे टेकतात, त्याचा इलाज नसतो. मागे टेकणारी खुर्ची तुम्हीच थोडी पुढे घ्या. चुकीच्या माणसाला बोललात तर पुढचे दोन तास तुम्हालाच अवघड जातं.

सांगून ऐकलं नाही, तर दुसऱ्यांदा सांगू नका. बाहेर जा. बऱ्याचदा दोन-तीन स्क्रीन मिळून एकच कर्मचारी दाराशी किंवा लॉबीत असतो. त्याला नेमकं सांगा: "स्क्रीन चार, जी रांग, अकरा नंबर, मोबाईल सतत चालू आहे. आमच्या जागा जी बारा, तेरा." अर्ध्या मिनिटात काम होतं. ‘आत फार गोंधळ चाललाय’ असं मोघम सांगितलं की तो टॉर्च मारून एक फेरी मारतो, तेवढ्यापुरते सगळे साधू होतात आणि तो परत जातो. हॉलमध्ये जागा असतील तर "आम्हाला दुसरीकडे बसवता का?" हेही विचारा. याला सहसा नकार येत नाही, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात पटकन सुटका यातच होते. आपण का उठायचं, हा प्रश्न मिस्टर विचारतील. रास्त आहे. पण तिकीट सिनेमाचं काढलंय, निकालाचं नाही.

एसी बंद, आवाज कर्कश, चित्र अंधुक अशा तक्रारी वेगळ्या. हल्ली प्रोजेक्शनच्या खोलीत माणूस सतत बसून नसतो, यंत्रणा आपोआप चालते. म्हणजे कोणीतरी जाऊन सांगेपर्यंत कुणाला पत्ताच नसतो. ड्युटी मॅनेजरला गाठा आणि मध्यंतराच्या आधी गाठा. पूर्ण सिनेमा बघून मग पैसे परत मागितले तर तुमची बाजू लंगडी पडते. तिकीट जपून ठेवा. थिएटरने काहीच दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पुरावा म्हणून पडद्याचं चित्रीकरण मात्र करू नका. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरात सिनेमाची बेकायदा प्रत करण्याच्या हेतूने चित्रीकरण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. आपला हेतू वेगळा होता, हे तिथे समजावत कोण बसणार? आवाज नेहमीच फार वाटत असेल, तर कापूस किंवा फोमचे बोळे नकोत, त्यांनी संवादच गढूळ होतात. संगीतकार वापरतात ते इअरप्लग सगळे स्वर सारखे कमी करतात.

लहान मुलांविषयी तुम्ही लिहिलं नाहीत, पण इतर पत्रांत हा विषय हमखास असतो. २०२४ च्या नियमांपासून सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर यूए ७+, यूए १३+, यूए १६+ असं लिहिलेलं असतं. ती पालकांसाठी सूचना आहे, प्रवेशबंदी नव्हे. बंदी फक्त ‘ए’ला, १८ वर्षांखालच्यांसाठी. तेव्हा यूए १६+ सिनेमात पाच वर्षांचं मूल दिसलं तर दारावरच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. रडणारं मूल बेशिस्त नसतं. आईबाप दोन मिनिटांत उठून बाहेर गेले तर तेही नसतात. आईबापांनी दाराजवळची, कडेची जागा घ्यावी. तान्ह्या बाळाचा खाऊ बेतापुरता आत नेता येतो आणि पिण्याचं पाणी थिएटरने फुकट द्यायचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय. मोठ्यांचे डबे अडवण्याचा हक्क मात्र त्याच निकालाने थिएटरला दिला. म्हणून पर्समधल्या चकलीवरून दारात हुज्जत नको.

मोठ्या स्टारच्या पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला तुम्ही जात नसाल असं धरते. तिथे दंगा हाच कार्यक्रम असतो आणि शांतता मागणारा आगंतुक ठरतो. कधी ती गर्दी जिवावरही येते: डिसेंबर २०२४ मध्ये हैदराबादला अशाच एका खास खेळाला नट आला, चेंगराचेंगरी झाली आणि एका बाईचा जीव गेला. त्याआधी २०२३ च्या दिवाळीत मालेगावात सिनेमा चालू असताना प्रेक्षागृहात फटाके फोडले गेले. असं काही दिसलं तर ‘थोडं थांबू, होईल शांत’ करू नका, निघा. कोणत्याही खेळाला बसण्याआधी बाहेर पडायची दोन्ही दारं बघून ठेवायची सवय लावा. दिल्लीच्या उपहार थिएटरात १३ जून १९९७ च्या आगीत ५९ माणसं गेली, तिथे बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून वाट अडवलेली होती. रोजच्या खेळाला इतकं भ्यायचं कारण नाही. शेवटची नामावली संपेपर्यंत बसून राहिलात तरी जिन्यावरची रेटारेटी टळते आणि लिफ्टही मिळते. मध्यंतरात बायकांच्या रांगेचा वैताग असेल तर आधी पाणी-चहा आणि पाच-सात मिनिटांनी तिकडे. सगळ्या जणी दिवे लागताच धावतात.

राहिला टीव्ही. मुलगी काळजीपोटी म्हणतेय, आणि ज्यांना गुडघ्यांमुळे जिने नकोत त्यांच्यासाठी तिचं बरोबरच आहे. पण बऱ्याच मराठी सिनेमांचं ओटीटीवर कधी येणार, येणार की नाही, याचा भरवसा नसतो. आणि घरी कुकरची शिट्टी, दारावरचा कुरिअरवाला आणि आपलाच मोबाईल. थिएटरातल्या त्या मुलाला नावं ठेवणारे आपण घरी तासाभरात चार वेळा फोन उचलतो. शांत प्रेक्षकच हवे असतील तर वर्षातून एखादा चित्रपट महोत्सव करून बघा, किंवा मुंबईत १९६८ पासून चालू असलेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थेचं सभासदत्व. तिथे सिनेमा चालू असताना चिटपाखरू बोलत नाही. संपल्यावर मात्र चर्चा आवरत नाही, हेही सांगून ठेवते.

पहिली चाचणी येत्या बुधवारी करा. अकराच्या आसपासचा खेळ, आडव्या वाटेच्या पुढची रांग, कडेची जोडी. खेळाआधी नकाशा बघून जागा ठरवायचं काम मिस्टरांकडे द्या, आणि शेजाऱ्याशी बोलायची वेळ आलीच तर ते तुमच्याकडे ठेवा. आणि शाल विसरू नका. बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता देतो. सकाळी हॉलमध्ये वीसच माणसं असली आणि एसी दोनशेंच्या हिशेबाने चालू असला, की मध्यंतरापर्यंत हात गार पडतात.